शेपटी

काल डॉक्टरांनी ब्रूनोची शेपटी हळूच वर उचलली आणि तो ओरडला. कळवळून. आठ वर्षांत त्याचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता, रात्रभर तोच कानात.

दीड-दोन महिने मी त्याला आळशी म्हणत होते. तीन मजले, लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावर तो बसकण मारायचा आणि मी पट्टा ओढायचे, चल ना रे, सात चाळीसची फास्ट जाईल. जिन्यात मागच्या पायांचा खर्र खर्र आवाज यायचा तर मला वाटलं नखं वाढली. काल पाय हातात घेऊन बघितला, मधल्या दोन नखांची टोकं घासून सपाट झालीयत. रोज पंजे पुसते मी, कसं नाही दिसलं?

सगळे म्हणाले जर्मन शेफर्ड ना, मग खुब्याचंच असणार. एक्स-रेत खुबे ठीक. दुखणं कमरेच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या मणक्यापाशी, तो शेपटीआधीच्या हाडाला, सेक्रमला, जुळतो तिथली गादी झिजून फुगलीय बहुतेक आणि मागच्या पायांच्या, शेपटीच्या, शू-शीच्या नसा दाबतेय. नसा एक्स-रेत दिसत नाहीत, खात्री करायला एमआरआय, तोही भूल देऊन. पैशांचं बघू. बाबा असते तर... जाऊ दे.

त्याला ओढत होते मी. दुखत असताना.

डॉक्टर म्हणाले, ओरडला ते बरंच झालं, मागचे पाय जाणारा दुसरा एक आजार असतो, डीजनरेटिव्ह मायलोपथी, त्यात दुखत नाही आणि तो बरा करणारं औषधही नाही. नस दबलीय तर निदान करण्यासारखं काही आहे. नसांच्या दुखण्यावर गॅबापेन्टिन, सुजेची गोळी, वजन उतरवायचं, काही आठवडे पट्ट्यावर थोडंसंच चालणं, उडी नाही, जिना नाही. एवढ्यानं भागलं नाही तर ऑपरेशन, मणक्याचं वरचं हाड काढून नसांना जागा करतात. शूवरचा ताबा सुटायची वाट बघायची नाही, हे दोनदा सांगितलं. म्हणजे त्या ओरडण्यानंच कळलं सगळं, तरी ते आठवलं की पोटात कसंतरी होतंच.

आज सकाळी दादा आला, मी बोलावलं नव्हतं. चादरीची झोळी करून चौतीस किलो दोघांनी वर आणलं. दुसऱ्या मजल्यावर आम्हालाच धाप लागली, तिथेच टेकलो, बरोब्बर त्याच्या जागेवर. ब्रूनोने डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. सात चाळीस गेली, बसून राहिलो.