टपोऱ्या दाण्यांचा हिशेब

दसऱ्याच्या सुमारास इंदूरच्या आसपास सोयाबीनची काढणी जोरात असते. मी सोयाबीनचे नवे वाण तयार करण्याच्या कामात आहे, त्यामुळे ते दिवस माझे वजनकाट्यापाशीच जातात. गेल्या हंगामात मळणीच्या दिवशी सांवेरकडचे आप्पा सकाळपासून माझ्याशेजारी वही घेऊन बसले होते. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात शेती करणारं मराठी घर त्यांचं.

फार वर्षांपूर्वी त्यांना शेतात शेंगांनी लगडलेलं एक झाड दिसलं. त्याचं बी त्यांनी वेगळं वाढवलं आणि पुढे दरसाल त्यातले टपोरे दाणे सुपात निवडून तेवढेच पेरले. "पहिल्यांदा उतारा वाढला, मग हलेचना. जमीन थकली का रे?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा आम्ही त्यांच्याच बियाण्यातले जड आणि हलके दाणे वेगवेगळ्या ओळींत, जागा आलटूनपालटून पेरले.

पाकिटांवर फक्त क्रमांक होते. मी काटा वाचायचो, आप्पा लिहायचे. दुपारी कोणता क्रमांक जड दाण्यांचा आणि कोणता हलक्यांचा, ती यादी उघडली. दोन्हींची सरासरी जवळजवळ सारखी. काही ठिकाणी तर हलक्या दाण्यांची ओळच पुढे. आप्पांनी बेरीज पुन्हा करून पाहिली. "मग मी इतकी वर्षं निवडलं काय?"

मी त्यांना योहानसेनची गोष्ट सांगितली. या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये घेवड्यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एकेका झाडापासून वाढवलेले १९ शुद्ध वंश त्याच्याकडे होते. वंशावंशांत दाण्याच्या वजनाचा फरक पक्का होता, पण एकाच वंशाच्या आत निवड चालेना. तेराव्या वंशात २०० मिलिग्रॅमच्या दाण्याची संतती सरासरी ४७५ मिलिग्रॅमची निघाली आणि ५०० मिलिग्रॅमच्या दाण्याची ४५८! सोयाबीनही तसंच. फूल उमलण्याआधीच आतल्या आत परागण होऊन जातं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या असंच परागण झालेल्या एका झाडाची पोरं अनुवंशाने जवळजवळ एकसारखी असतात. उरलेला लहानमोठेपणा ओलीचा, खताचा, मोकळ्या जागेचा. आप्पांच्या पहिल्या निवडीने खरोखर काम केलं होतं. त्यानंतर निवडायला वेगळं काही उरलंच नव्हतं. (टपोऱ्या दाण्याचा आपल्याकडे नाहक सोस आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा दाण्याची साल मळणीत लवकर चिरते आणि उगवण घसरते.)

निवडीला पुन्हा धार यायची तर आधी वेगळेपण आणावं लागतं. म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही चिमट्याने कळ्या उघडून दुसऱ्या वाणाचे पराग लावतो, म्हणजे संकर करतो. कळी जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची, जरा जोर लागला की गळते. संकरातून फुटलेल्या पिढ्यांतली चांगली झाडं निवडायची, त्यांची संतती ओळीत पारखायची, त्यातल्या सरस ओळींचा आपसांत पुन्हा संकर करायचा, की पुढची फेरी सुरू. एकट्या झाडाच्या रूपावर भिस्त ठेवत नाही. बांधाकडचं झाड मोकळ्या जागेमुळेच भरतं.

हे ऐकून आप्पा उठले आणि उभ्या असलेल्या, संकराच्या दुसऱ्या पिढीच्या वाफ्यात शिरले. ऊन रणरणत होतं. ते शेंगांची संख्या बघतच नव्हते. पिकलेली शेंग दोन बोटांत धरून हलकेच पिळायचे; तडकली की पुढे. मग खाली वाकून सर्वांत खालची शेंग जमिनीपासून किती उंच आहे ते बघायचे. "हार्वेस्टरचं पातं याच्या वरून गेलं तर माल शेतातच राहील," म्हणाले. माझ्या यादीत शेंगांची संख्या आणि पक्वतेचे दिवस आधी येतात. पण दुपारच्या उन्हात न फुटणारी शेंग म्हणजे घरात येणारं उत्पन्न, हे त्यांच्या बोटांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

त्यांनी निवडलेल्या झाडांना लाल दोरा बांधला. त्यातली काही मी नुसतं बघून सोडून दिली असती. प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पाकिटात भरलं, या पावसाळ्यात प्रत्येकाची वेगळी ओळ पेरली आहे. आप्पांचा जुना वंशही शेजारी आहे. मर्यादा कळली तरी एकसारखं, भेसळ नसलेलं बियाणं त्यांनी जपलंय, आणि संकरासाठी मला असाच पालक हवा होता. कळ्या धरल्या की फोन कर, असं त्यांनी बजावून ठेवलंय.