कपाटामागची भिंत

डोंबिवलीतलं हे घर आम्ही मे महिन्यात पाहिलं. शेवटचा मजला, नवा रंग, पश्चिमेची मोठी भिंत. आई म्हणाली, वारा छान येईल. त्या भिंतीलाच आम्ही कपाट लावलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात साड्यांना कुबट वास यायला लागला. कपाट पुढे ओढलं तर मागे छातीएवढ्या उंचीपर्यंत काळी-हिरवी बुरशी, वर रंगाला फुगे. आईच्या लग्नातल्या शालूवर पांढरे ठिपके पडले होते. तिला दम्याचा त्रास आहे. त्या रात्रीपासून ती हॉलमध्ये झोपायला लागली.

घरमालक काकांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही खिडक्या बंद ठेवता, घरात कपडे वाळत घालता. ओल येणारच." हे अगदीच खोटं नव्हतं. पावसाळ्यात डोंबिवलीत कोण बाहेर कपडे घालतं? पण दोष कपड्यांचा की भिंतीचा, हे कळायला हवं होतं. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा वीतभर तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद केला. दोन दिवसांनी पाहिलं. खोलीकडची बाजू कोरडी, भिंतीकडच्या बाजूला थेंब. खोलीतल्या दमट हवेचं पाणी असतं तर ते खोलीकडच्या बाजूला जमलं असतं. ओल भिंतीतूनच येत होती. तारखेसह फोटो काढून काकांना पाठवले.

मग सोसायटी. पावसाचं पाणी गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून आत येत असेल तर दुरुस्ती सोसायटीची, असं आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, आहे. पण सेक्रेटरी म्हणाले, अर्ज सभासदाचाच लागेल. भाडेकरूचं पत्र ते हातातही घेईनात. मला याचा फार राग आला. ओलीत राहायचं आम्ही आणि तक्रारीचा हक्क दुसऱ्याला! शेवटी मीच अर्ज लिहिला, काकांची सही आणली, पोच घेतली. गच्चीच्या कठड्याला भेग सापडली. त्यावर ताडपत्री पडली. वॉटरप्रूफिंगचा विषय पुढच्या सभेवर गेला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ तेव्हा मी वाचलं. करारात वेगळं ठरलं नसेल तर दुरुस्ती मालकाने करायची. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने केली नाही तर भाडेकरूने करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. वाचून हायसं वाटलं, पण आमचा करार अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा. त्यात राहणारा कायद्याने भाडेकरू ठरत नाही. त्याच्या हातात करारातली वाक्यं तेवढी असतात. आमच्यात सुदैवाने एक होतं : "गळती व बांधकामाची दुरुस्ती मालकाने करावी."

एप्रिलमध्ये घर सोडताना काकांनी डिपॉझिटमधून रंगाचे १४,००० कापायचे म्हटलं. मी फोटो आणि त्यांच्याच सहीचा अर्ज समोर ठेवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. स्वयंपाकघरात आम्ही ठोकलेल्या खिळ्यांचे २,००० मी कबूल केले, बाकीचे त्यांनी परत दिले.

किल्ली द्यायला गेले तेव्हा रंगारी त्याच भिंतीला पुट्टी भरत होता. एक नवं जोडपं घर पाहायला आलं होतं, बायकोच्या कडेवर तान्हं बाळ. काका आतल्या खोलीत होते. मी तिला गच्चीवर नेलं आणि कठड्याची भेग दाखवली.