यशवंतराव की वसंतदादा? तुम्ही विचारलंत म्हणून

मी कृष्णाकाठचा म्हटलं की लोक हमखास विचारतात, मग तुम्ही कुणाचे, यशवंतरावांचे की वसंतदादांचे? एक कराडचे, दुसरे सांगलीचे, नदी एकच. आमच्या घरात याचं उत्तर फीच्या पावत्यांवर निघतं.

वडील हायस्कूलला असतानाची गोष्ट. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि तेव्हा वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांच्या पोरांची फी माफ झाली, ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची सवलत, म्हणायचे तिला. आजोबांचं उत्पन्न त्याच्या आत होतं हे सिद्ध करायला फार काही लागलंच नाही, तलाठ्याने घराकडे बघूनच दाखला दिला असणार. वडील मॅट्रिक झाले, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या होत्याच, त्यात प्राथमिक शिक्षक म्हणून चिकटले. म्हणजे शिक्षण पण यशवंतरावांचं आणि पगार पण.

माझी पावती वेगळी. १९९४ ला बारावीला मार्क कमी पडले, कमी फीची फ्री सीट हुकली, मग विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात जास्त फीची पेमेंट सीट. वडिलांनी पीएफ काढला, वर उसाचं बिल घातलं. वर्कशॉपमध्ये लेथ, म्हणजे लोखंड कातायची मशिनं, चार होते, त्यातला एकच चालायचा, बाकीचे इन्स्पेक्शनपुरते पुसून ठेवायचे. असली कॉलेजं निघाली ती वसंतदादा पाटलांच्या १९८३ च्या निर्णयामुळे. तोवर ज्याच्याकडे पैसा तो डोनेशन भरून पोराला कर्नाटकात पाठवायचा, दादा म्हणाले इथंच काढा. निघाली, आणि बघता बघता एकेका पुढाऱ्याकडे गेली, शिक्षणसम्राट हा शब्द तेव्हापासूनचा.

गंमत अशी की हा निर्णय घेणारा माणूस स्वतः सातवी पास. पण धाडस बघा. २४ जुलै १९४३ ला सांगलीच्या जेलमधून भरदिवसा तट ओलांडून पळाले, पावसाळ्यातली भरलेली कृष्णा, मागून पोलिसांचा गोळीबार, त्यांचे दोन साथीदार गेले, दादांच्या खांद्यात गोळी घुसली. असा माणूस फाइलवर नियम काय म्हणतोय ते बघत बसेल का? साखर कारखाना उभा करताना तेच, कॉलेजांच्या बाबतीत पण तेच. आधी उडी, मग पुढचं पुढे. चार वेळा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि एकदाही पाच वर्षं पुरी झाली नाहीत, १९७८ ला त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या शरद पवारांनी सरकार पाडलं आणि १९८५ ला पक्षातल्याच भांडणातून राजीनामा देऊन मोकळे.

यशवंतराव उलटे. वकील, वाचणारे, तोलून मापून बोलणारे. १९६२ ला चीन युद्धात नेहरूंनी बोलावलं आणि गेले, मग संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र, १९७९ ला उपपंतप्रधान सुद्धा. एवढं मोठं करिअर, पण मला विचाराल तर त्यांचं जे आज हाताला लागतं, जिल्हा परिषद, एमआयडीसी, साहित्य संस्कृती मंडळ, ते सगळं दिल्लीला जायच्या आधीचं. राज्य झाल्यापासून जेमतेम अडीच वर्षं मिळाली इथं. दिल्लीत पदं वाढत गेली आणि माणूस एकटा पडत गेला, इंदिराबाईंपासून फुटले, १९८१ ला परत गेले, तोवर हातातलं गेलं होतं. कराडच्या ‘विरंगुळा’ बंगल्यातली त्यांची पुस्तकं बघताना मला तरी हेच वाटत राहतं की हा माणूस अजून दहा वर्षं इथं राहायला हवा होता.

म्हणून मी यशवंतराव म्हणतो. फुकट शिकवणारा मोठा, हा माझा साधा हिशोब.

वडील मात्र ऐकत नाहीत. ज्यांची फी माफ झाली ते दादांचं नाव घेतात, आणि ज्याच्यासाठी पीएफ मोडला तो मी यशवंतरावांचं, असं आमच्याकडे उलटंच आहे. मी लेथचं सांगायला लागलो की म्हणतात, गप रे, तुझे मार्क किती होते आठवतंय का, आणि कर्नाटकात पाठवायला आपल्याकडे काय होतं?