टाकीची नोटीस

सोसायटीची सेक्रेटरीकी माझ्या गळ्यात पडली ती घरात प्रिंटर आहे म्हणून. २००६ साली घेतलेला काळा-पांढरा लेझर, उचलताना कंबर धरते, अंगावर जुन्या पडद्याचं शिवलेलं कव्हर. पावसाळ्यात कागद सर्दावले की दोन-दोन ओढतो, एरवी तक्रार नाही. गेल्या महिन्यात जुना पीसी कायमचा झोपला, नवा लॅपटॉप आला, आणि पाण्याची टाकी धुण्याची नोटीस काढायला बसलो तर दोघं एकमेकांना ओळखच देईनात.

लॅपटॉपला भोकं दोनच, तीही टाइप-सी. ते कनेक्टर आणून भागलं. मग ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लागणारा प्रोग्राम. तो प्रिंटरबरोबर आलेल्या सीडीत होता, आणि सीडी गॅलरीत दोऱ्याला लटकत होती, कबुतरं हाकलायला. (कबुतरं तिच्यात तोंड बघून जातात.) पुतण्याच्या ड्राइव्हमध्ये ती वाचता आली हेच नवल, पण आतला ड्रायव्हर निघाला ३२-बिटी. विंडोज ११ येतं तेच मुळी ६४-बिटी, तिथे याला उभं करत नाहीत.

घरच्यांनी भंगारवाल्याचा नंबरही शोधून ठेवला. मी सहज प्रिंटरचं हिरवं बटण दाबून धरलं, तर त्याने कॉम्प्युटर नसतानाही स्वतःचं टेस्ट पेज काढून दिलं. अक्षर न् अक्षर कोरल्यासारखं!

तो कागद घडी करून खिशात घातला आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. या रस्त्याला डॉ. भडकमकरांचं नाव आहे, पण ते पाटीपुरतं. दुकानातल्या पोराला मी सगळी कर्मकहाणी सांगत होतो, त्याचं लक्ष कागदावर. एका ओळीवर त्याने बोट ठेवलं. पीसीएल ५ई.

"काका, याला पीसीएल कळतंय ना? मग याचाच ड्रायव्हर कशाला हवा? पीसीएल ५ चा युनिव्हर्सल टाका."

पानावर कुठे काय छापायचं हे प्रिंटरला सांगण्याची ही भाषा १९८४ पासूनची; त्यातली ५ई १९९२ ची. बऱ्याच स्वस्त प्रिंटरांना ती येतच नाही, ते पानाचा ठिपका न् ठिपका कॉम्प्युटरकडून तयार करून घेतात. त्यांचा खास ड्रायव्हर गेला की ते खरोखर अडतात. माझा मी तेव्हा जरा महागातला घेतला होता, त्यावरून घरात आठवडाभर ऐकून घेतलं होतं. पोराने सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत, म्हणून गरज नसताना एक माउस घेतला.

घरी ड्रायव्हर बसला. नोटिशीच्या दहा प्रती सोडल्या. ढिम्म. परत दहा. ढिम्म. चौथ्या खेपेला सेटिंग उघडून पाहिलं, तर पोर्ट म्हणून एलपीटी १ निवडलेला. म्हणजे ती २५ पिनांची जुनी जाड वायर लागायची ते भोक. या लॅपटॉपला ते नाहीच, आणि मी इमानदारीत तिथे नोटिसा पाठवतोय. बदलून यूएसबी ००१ केलं.

प्रिंटर घरघरला आणि तुंबलेल्या सगळ्या नोटिसा एकामागून एक बाहेर पडायला लागल्या. 'येत्या रविवारी सकाळी १० ते २ पाणी बंद राहील.' तो रविवार उलटून तीन दिवस झाले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत मला फोन केला होता, तोही त्या रविवारीच.