हिंगण्याचा मेळावा आणि भाऊबीजेची पावती पुस्तकं

हिंगण्याच्या, म्हणजे पुण्यातल्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या, हॉस्टेलला राहिलेल्या बायका एकत्र आल्या की पहिला अर्धा तास कुणीच कुणाचं ऐकत नाही, सगळ्या एकदमच बोलत असतात आणि तरी प्रत्येकीला सगळं कळलेलं असतं, हे मी कितीतरी वर्षं बघतेय. आमचा मेळावा म्हणजे फार काही ग्रँड नसतं हं. संस्थेच्या आवारात एक हॉल, चहा, उपमा, दुपारी जेवण, आणि दाराशी एक टेबल जिथे नाव, बॅच आणि फोन नंबर लिहायचा. त्या टेबलावरच निम्मा कार्यक्रम होतो, कारण लग्नानंतरचं नाव वाचून कुणी कुणाला ओळखत नाही, मग "अगं म्हणजे तू पूर्वाश्रमीची कोण?" इथपासून सुरुवात, आणि मग एकदम किंचाळणं. साठी उलटलेल्या बायका अशा किंचाळतात की हॉस्टेलच्या आत्ताच्या मुली गॅलरीत येऊन बघत उभ्या राहतात.

पत्त्यावर कर्वेनगर लिहितात पण आम्ही हिंगणंच म्हणतो. मी कऱ्हाडकडून आले तेव्हा आजूबाजूला बरंच मोकळं होतं, डेक्कनवरून पीएमटीने यायचं, हातात पत्र्याची ट्रंक. आता रिक्षावाल्याला हिंगणे सांगितलं तर तो सिंहगड रोडकडे वळवतो, तिकडेही एक हिंगणे आहे ना. मेळाव्याला येताना दर वर्षी एक तरी जण तिकडे जाऊन पोचते आणि फोन करते.

आवारात ती अण्णांची झोपडी अजून जपून ठेवलीय. अण्णा म्हणजे महर्षी कर्वे. विधवा मुलींसाठी आश्रम 1896 साली पुण्यात सुरू झाला आणि 1900 मध्ये हिंगण्याला आला, गावाबाहेर, कारण गावात लोक सुखाने राहू देत नव्हते. अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि संध्याकाळी चालत हिंगण्याला यायचे, सकाळी परत चालत पुण्याला. पावसाळ्यात तो रस्ता म्हणजे नुसता चिखल. हे सगळं आम्हाला शाळेत इतक्या वेळा सांगितलंय की तेव्हा आम्ही मागच्या बाकावर बसून पुढचं वाक्य आधीच पुटपुटायचो. आता झोपडीसमोर उभं राहून फोटो काढताना मात्र कुणी पुटपुटत नाही.

पण मला खरं म्हणजे सांगायचंय ते भाऊबीजेबद्दल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाऊबीजेला भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो, तशीच एक ओवाळणी हिंगण्याच्या बहिणींसाठीही बाजूला काढा, असं म्हणत संस्थेसाठी दिवाळीच्या सुमाराला घरोघर जाऊन निधी गोळा करायची जुनी पद्धत आहे. हातात पावती पुस्तक, खांद्याला पिशवी, आणि ओळखीच्या-बिनओळखीच्या दारावर बेल मारायची. मेळाव्यात जेवण झालं की सगळ्या जरा सैलावून बसतात आणि मग कोणत्या भागात कोण फिरणार याच्या वाटण्या सुरू होतात. तो माझा सगळ्यात आवडता भाग.

माझ्या पहिल्या मेळाव्यात मी नोकरीला लागलेली, नवीन पगार, म्हटलं एक चेक देऊन टाकू. एक आजी होत्या, आमच्याही आधी कितीतरी वर्षं शिकून गेलेल्या, नऊवारी, हातात जाड फ्रेमचा चष्मा. चेक घेतला, पावती फाडली, थँक्यू म्हणाल्या आणि मग पावती पुस्तक माझ्यासमोर सरकवून म्हणाल्या, "देणं झालं गं, आता मागायला कधी येतेस?" मला काही सुचेना. मागायचं म्हणजे कसंतरीच वाटतं ना आपल्याला, आपल्या घरात तर लहानपणापासून कुणापुढे हात पसरायचा नाही हेच शिकवलेलं.

तर त्या आजींनी मला पार्वतीबाई आठवल्यांची गोष्ट सांगितली. पार्वतीबाई म्हणजे अण्णांच्या पत्नी बाया कर्वे यांची बहीण. विधवा झाल्यावर शिकल्या, आश्रमातच काम करायला लागल्या आणि मग आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या. एकट्या बाईने त्या काळात. पुढे 1918 मध्ये, पन्नाशीला टेकलेल्या असताना, इंग्रजी शिकायला थेट अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांकडे घरकाम केलं. आपण आज माजी विद्यार्थिनीने संस्थेसाठी काय करावं यावर पॉवरपॉइंट बनवतो, आणि हिंगण्यात हा प्रश्न पार्वतीबाईंनी शंभरेक वर्षांपूर्वी पायी फिरून सोडवून टाकलेला. आणि स्वतः अण्णांनी तरी काय केलं, घरी बायकापोरं असताना आपली विम्याची पाच हजारांची पॉलिसी आश्रमाला देऊन मोकळे झाले, त्यावर बाया चिडल्या असतील तर मी त्यांच्याच बाजूची आहे, हे आपलं मध्येच.

पहिल्या वर्षी डोंबिवलीत आमच्याच सोसायटीपासून सुरुवात केली. साडी चांगली नेस, चप्पल साधी घाल, आणि दार उघडल्यावर पहिल्या वाक्यात संस्थेचं नाव घे नाहीतर लोकांना आपण साबण विकायला आलोय असं वाटतं, या सगळ्या टिपा त्या आजींच्याच. आणि गंमत म्हणजे दर मजल्यावर एक तरी घर असं निघायचंच की हिंगणे म्हटल्यावर आतून हाक यायची, "कोण आलंय, हिंगण्याची? आत बोलाव गं तिला." मग कुणाची आत्या तिथे शिकलेली, कुणाची काकू तिथून नर्स झालेली, कुणाच्या आजीला नवरा गेल्यावर तिथेच आसरा मिळालेला आणि हे घरातल्या सुनेलाही त्या दिवशीच कळायचं. पन्नास रुपयांच्या पावतीमागे पाऊण तास बसायचं, चकली खायची, ऐकायचं. पुस्तक एका संध्याकाळी संपेल या हिशोबाने निघालेली मी, दिवाळी संपून तुळशीचं लग्न आलं तरी फिरतच होते.

नाही म्हणणारेही असतातच. दाराच्या भोकातून बघून न उघडणारे, आम्ही ऑनलाइनच देतो असं सांगणारे, आणि "आता मुलींना कशाला वेगळं शिक्षण पाहिजे, सगळीकडे मुलीच पहिल्या येतात" असं ऐकवणारे काका तर प्रत्येक बिल्डिंगमध्ये. या काकांना मी आता उत्तर देत नाही, त्यांच्या मिसेसना पावती फाडून देते.

आता क्यूआर कोड आलाय, आमच्यातल्या आयटीवाल्या मुलींनी मेळाव्यात ग्रुप केला, लिंक फिरवली आणि दोन दिवसांत मी दोन दिवाळ्यांत जमवते तेवढे पैसे आले. मी काही त्याच्या विरोधात नाही, पैसा तो पैसा, हॉस्टेलच्या मेसला तो कुठून आला याने काय फरक पडतो. पण लिंकवर पैसे टाकणाऱ्याची आत्या कोण होती ते कळत नाही, आणि पुढच्या वर्षी लिंक आली नाही तर तो स्वतःहून विचारतही नाही. माझ्या पुस्तकातली घरं विचारतात. एका वर्षी माझा पाय फ्रॅक्चर होता तर शेजारच्या विंगमधल्या वहिनी पाकिटं गोळा करून घरी घेऊन आल्या, त्यांचा हिंगण्याशी काडीचा संबंध नाही.

मेळाव्यात कमिन्स कॉलेजच्या, म्हणजे संस्थेच्याच 1991 साली सुरू झालेल्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पास आऊट मुली आल्या की चित्र बदलतं. त्या आमच्या मराठी शाळेच्या बॅचपेक्षा एकदम फास्ट, इंटरव्ह्यूची तयारी करून घेऊ, रेझ्युमे बघून देऊ, कंपनीत इंटर्नशिपसाठी शब्द टाकू, असं सगळं कामाचं बोलतात, आणि खरंच करतात. गेल्या मेळाव्यात एकीने हॉस्टेलच्या मुलींना कोपऱ्यात बसवून खोटाखोटा इंटरव्ह्यू घेतला, एक मुलगी बीडकडची, आधी तोंडच उघडेना, मग एकदम इतकं छान बोलायला लागली की घेणारीच गप्प. शेजारी आम्ही म्हाताऱ्या भाजी निवडत बसल्यासारख्या पुस्तकं वाटून घेत होतो. ही कॉलेजची मुलगी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, मी पण एक घेऊ? पण मला मागता नाही येत."

मी ते पुस्तक तिच्याकडे सरकवलं आणि साडी-चप्पल-पहिलं वाक्य सगळं जसंच्या तसं सांगितलं. साडी नेसत नाही म्हणाली, कुर्ता चालेल म्हटलं. तिने बाणेर घेतलं. बाणेरच्या सोसायट्यांत गेटवरच अडवतात, ॲपवर परवानगी लागते, तर तिने आधी सोसायटीच्या महिला मंडळाला फोन करून क्लब हाऊसमध्ये फराळाच्या दिवशी टेबलच मिळवलं. हे आमच्या डोक्यात कधी आलंच नसतं. पुस्तक संपवून दुसरं मागून घेतलं तिने.

यंदाच्या वाटण्या बऱ्याचशा झाल्यात. डोंबिवली माझ्याकडेच, बाणेरला तीच मुलगी, कोल्हापूर आणि सांगलीला नेहमीच्या दोघी. ठाण्याची पुस्तकं मात्र अजून कुणी उचललेली नाहीत. आपल्यापैकी घोडबंदर रोडला कुणी राहायला गेली असेल तर लवकर सांगा, आणि सकाळी अकराच्या आत जा, नंतर तिथे बायका घरात सापडत नाहीत.