तोंडात ससा धरलेले दोन ग्रेहाउंड

मँचेस्टरला आल्यापासून जुन्या वस्तूंच्या बाजारात हिंडायची चटक लागली आणि तिथंच स्टॅफर्डशायरच्या कुत्र्यांनी मला गाठलं. व्हिक्टोरियन काळात शेकोटीवरच्या फळीवर जोडीनं मांडायच्या या मातीच्या मूर्ती स्टोक-ऑन-ट्रेंटच्या आसपास ढिगांनी बनल्या. लोकांचा जीव त्यातल्या लांब कानांच्या स्पॅनियलवर. मला मात्र ग्रेहाउंड हवे होते. जतकडे कारवानी कुत्री बघत वाढलेल्या माणसाला ती लांब मान आणि आत गेलेलं पोट परकं कसं वाटेल?

पंचाईत नकलांची. म्हणून लिलावाआधी माल बघायला ठेवतात त्या दिवशी गेलो आणि तोंडाआधी बूड पाहिलं. जुन्या मूर्ती साच्याच्या दोन अर्ध्या भागांत हातानं माती दाबून करत. भट्टीत आतली हवा तापून मूर्ती फुटू नये म्हणून एक बारीक भोक ठेवत. नंतरच्या बऱ्याचशा मूर्ती पातळ माती साच्यात ओतून केलेल्या; उरलेली माती बाहेर काढायला भोक मोठं लागतं, चांगलं बोट जाईल एवढं. शिवाय त्या हाताला हलक्या लागतात. सोनेरी रंगही बोलतो. आरशासारखा चकाकणारा मुलामा साधारण १८८० नंतरचा. त्याआधीचं सोनं मऊ, मंद दिसतं. झिलईवरच्या तड्यांचं जाळं सगळीकडे एकसारखं आणि चहात बुडवल्यागत तपकिरी असेल, तर मी सरळ पुढे जातो.

दुरुस्ती ओळखायला अतिनील टॉर्च खिशात होती. शेपटी, पाय आणि लोंबणाऱ्या सशाचे कान हमखास मोडतात. नंतर चढवलेला रंग त्या उजेडात वेगळा उठून दिसतो. जुने व्यापारी मूर्ती दातावर टेकवून बघतात म्हणे, झिलई टणक लागते आणि रंग मऊ. मी नखावर भागवलं.

शेजारच्या लॉटमध्ये मास्टर मॅकग्राची मूर्ती होती. लॉर्ड लर्गन यांच्या या आयरिश ग्रेहाउंडनं वॉटर्लू कप, म्हणजे सशांमागे कुत्री सोडायची शर्यत, १८६८, १८६९ आणि १८७१ अशी तीनदा जिंकली आणि राणी व्हिक्टोरियानं त्याला बघायला बोलावून घेतलं. मूर्ती निघणारच! पण नाव असलं की किंमत चढते, त्यामुळे नकलाही त्याच्याच फार. मी आपल्या बिननावाच्या जोडीवर ठाम राहिलो. दोघं समोरासमोर, उंची सारखी, बैठकीची निळाई एकाच हातची. म्हणजे दोन घरचे जुळवून विकलेले नव्हेत.

हातोडा १२० पौंडांवर पडला. त्यावर लिलावघराचं २५ टक्के कमिशन, म्हणजे ३०, आणि त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट, म्हणजे ६. एकूण १५६. बोली लावताना हाच शेवटचा आकडा डोक्यात धरायचा. ऑनलाइन बोलीला संकेतस्थळाचं शुल्क बहुधा वेगळं पडतं, आणि असला नाजूक माल पुष्कळ ठिकाणी बांधून देत नाहीत. मी टॉवेल नेले होते.

"दिवाणखान्यात मेलेला ससा?" बायकोचा पहिला प्रश्न. वाजवी आहे. सशांमागे कुत्री सोडायच्या शर्यती इंग्लंडात २००५ पासून बंदच आहेत. शेवटी कुत्रे माझ्या कामाच्या खोलीत गेले. त्यांना पाण्यात बुडवायचं नाही. भोकातून पाणी शिरलं की आतल्या कोऱ्या मातीत मुरतं. जेमतेम ओल्या फडक्यानं पुसतो, सोनेरी रेघ वगळून.