माणसं कुठे आहेत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जवळजवळ प्रत्येक प्रदर्शनात मला हा प्रश्न येतोच, की सामाजिक न्यायाचे नाव घेता, मग तुमच्या निसर्गचित्रांत पाणी, बांध आणि तिवरांखेरीज एकही माणूस का दिसत नाही?

माझे गाव बेलापूरच्या खाडीकाठचे. आजी मिठागरावर कामाला जात असे. उधाणाचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, आत घ्यायचे, एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हाने घट्ट होऊ द्यायचे आणि अखेरच्या वाफ्यात दाणा धरला की मीठ ओढून बांधावर ढीग घालायचे, हे काम थेट पुढच्या पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चाले. खाडीकाठच्या बांधाची जी रेघ पाहुण्याला निसर्गाची वाटते, ती अशी कोणीतरी डोक्यावरून माती वाहून घातलेली असते.

1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि या नव्या शहरासाठी ठाणे व रायगड जिल्ह्यांतल्या 95 गावांच्या जमिनी संपादनात आल्या. वडिलांनी जपलेल्या कागदांत आमच्या जमिनीचा नकाशा आहे. त्यात सर्व्हे नंबर आहेत, हद्दी आहेत. उघाडी मात्र कुठेच नाही, पाणी कोणत्या बाजूने येते तेही नाही.

शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये उरणजवळच्या जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पोलीस गोळीबाराने पाच शेतकरी गेले आणि त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांना परत देण्याचे तत्त्व पुढे आले. हा प्रसंग मी एकदा रंगवला होता: गर्दी, काठ्या, पडलेली माणसे. चित्र वाईट झाले. ज्या जमिनीसाठी ती माणसे उभी राहिली, तीच तिथे मागच्या पडद्यासारखी सपाट पडली होती. ते आता माळ्यावर भिंतीकडे तोंड करून आहे.

तेव्हापासून मी जमीनच रंगवतो. ओल्या जलरंगावर जाडे मीठ टाकतो. मीठ पाणी आणि रंग ओढून घेते आणि वाळल्यावर झटकले की तिथे फिकट ठिपके उरतात. (ही युक्ती कोणत्याही कला महाविद्यालयात शिकवतात, तिचे श्रेय मी घेत नाही.) विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडली जात होती, तेव्हा खाडीच्या अलीकडून, एकाच जागी बसून मी ती काढत राहिलो. दर खेपेला क्षितिजाची रेघ थोडी खाली घ्यावी लागे.

मागच्या प्रदर्शनाला माझी आत्या आली होती. आमच्या जुन्या मिठागराच्या चित्रापुढे ती बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, की उघाडी बरोबर आहे, पण पाणी तू उलट्या बाजूने आणलेस. प्रदर्शन उतरल्यावर मी तेवढा रंग ओल्या स्पंजने उचलला आणि पाणी तिने दाखवलेल्या बाजूने घेतले. पुसल्याचा डाग तिथे अजून दिसतो.